नॉर्थ कॅरोलायनात मेडिकल मारिजुआनाचा, म्हणजे औषध म्हणून गांजाचा, कायदा व्हावा यासाठी नेमकं काय करायचं?

पारिजातक

रॅली, कॅरी, डरहम भागातल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून एक छोटा गट केला आहे. गटात केमोथेरपी चालू असलेले रुग्ण आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस, मज्जासंस्थेचा आजार) आहेत, औषधांना दाद न देणाऱ्या आकडीच्या मुलांचे आईवडील आहेत. राज्यात आज कायदेशीर म्हणावं असं एवढंच आहे: २०१४ चा एपिलेप्सी अल्टरनेटिव्ह ट्रीटमेंट ॲक्ट. त्यात फक्त हट्टी एपिलेप्सीच्या रुग्णांना ०.९ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेला हेम्पचा, म्हणजे कमी नशेच्या गांजाचा, अर्क वापरता येतो. कॅन्सर, एमएस, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास) यांच्यासाठी काहीच नाही. चेरोकी आदिवासींच्या क्वाला बाउंडरी या स्वतंत्र हद्दीत एप्रिल २०२४ पासून गांजाचं दुकान चालू आहे, पण त्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की तोच माल राज्याच्या कायद्याने गुन्हा ठरतो.

मेडिकल मारिजुआनाचं बिल पुन्हा यावं आणि या वेळी पास व्हावं यासाठी काम करायचं आहे. सह्यांची मोहीम काढून विषय थेट मतदानाला लावता येतो का? भेटायचं कोणाला आणि मागायचं काय? बिलात कुठल्या गोष्टी नसल्या तर कायदा होऊनही रुग्णाच्या हातात काही पडत नाही? गटात सिटिझन थोडे आहेत, ग्रीन कार्ड आणि एच-१बीवाले जास्त. त्यांनी कितपत पुढे यावं? आणि हे सगळं महाराष्ट्र मंडळाच्या नावाने केलं तर चालेल का?

भावना सगळ्यांकडे आहेत, माहिती हवी आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

खटपट्या

आधी सह्यांचं. नॉर्थ कॅरोलायनात नागरिकांनी सह्या गोळा करून कायदा मतदानाला लावायची सोयच नाही. कायदा विधिमंडळातूनच होणार. ऑनलाइन याचिकेवर कितीही सह्या झाल्या तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचं वजन शून्य. त्याऐवजी एक साधा फॉर्म करा: नाव, घरचा पूर्ण पत्ता, कुठल्या आजाराशी संबंध, आणि आमदाराला भेटायची तयारी आहे का. पत्ता यासाठी की त्यावरून हाउस आणि सिनेट या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचा मतदारसंघ काढता येतो. पुढचं सगळं काम मतदारसंघावरच चालतं.

आता बिल कुठे अडतं ते बघा. सिनेटमध्ये ते अडत नाही. २०२२ मध्ये सिनेट बिल ७११ तिथे पास झालं, मार्च २०२३ मध्ये सिनेट बिल ३ पुन्हा ३६ विरुद्ध १० मतांनी पास झालं. ते मांडणारे बिल रेबॉन हे रिपब्लिकन, स्वतः कॅन्सरमधून उठलेले आणि सिनेटच्या रूल्स कमिटीचे प्रमुख. जून २०२४ मध्ये सिनेटने हाच मजकूर हेम्पच्या बिलाला जोडून परत हाउसकडे पाठवला. तिन्ही वेळा हाउसमध्ये मतदानच झालं नाही. कारण तिथल्या रिपब्लिकन कॉकसचा (पक्षाच्या सदस्यांच्या गटाचा) अलिखित नियम: आपल्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा होकार असल्याशिवाय असं बिल सभागृहात आणायचं नाही.

म्हणून १२० जणांच्या हाउसमध्ये ६१ मतं जमवायची आहेत हा हिशेब सोडून द्या. डेमोक्रॅट धरले तर ६१ चा आकडा गाठणं फारसं अवघड नाही. २०२४ च्या निवडणुकीनंतर हाउसमध्ये रिपब्लिकन ७१ आहेत. त्यांच्या निम्म्याहून जास्त म्हणजे ३६. तुमची लढाई त्या ३६ नावांची आहे. निवडणुकीनंतर संख्या बदलली की आकडा नव्याने काढा, पण रीत हीच.

यातून एक अवघड गोष्ट निघते. तुमचा गट वेक आणि डरहम काउंटींत राहतो आणि तिथले बहुतेक हाउस सदस्य डेमोक्रॅट आहेत. त्यांना भेटून छान वाटेल, फोटो निघतील, पण ते आधीच तुमच्या बाजूचे आहेत. खरी गरज आहे ती कुंपणावर बसलेल्या रिपब्लिकन सदस्याच्या मतदारसंघातल्या माणसांची. ती मराठी असायची गरज नाही. कॅन्सर सपोर्ट ग्रुप, एमएसच्या रुग्णांचे गट, हॉस्पिसमध्ये (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवेत) काम केलेल्या नर्सेस आणि विशेषतः माजी सैनिक. फोर्ट ब्रॅग आणि कॅम्प लेजून हे दोन्ही लष्करी तळ याच राज्यात आहेत, त्यामुळे पीटीएसडी असलेले माजी सैनिक जवळजवळ प्रत्येक मतदारसंघात सापडतात. त्या मतदारसंघातल्या एका माजी सैनिकाचं पत्र कॅरीच्या वीस पत्रांना भारी आहे. तुमच्या गटाने जोडणीचं, टिपणं काढण्याचं, गाड्यांची सोय करण्याचं काम घ्यावं.

भेटीची रीत: विधिमंडळाचं लांब अधिवेशन विषम वर्षी जानेवारीत सुरू होतं, छोटं अधिवेशन सम वर्षी वसंतात. लांब अधिवेशनात साधारण मेच्या सुरुवातीला क्रॉसओव्हरची तारीख येते. तोवर एका सभागृहातून पास न झालेलं बिल, कर-शुल्क किंवा खर्चाचं नसेल तर, दोन्ही वर्षांसाठी मेलं. त्यामुळे अधिवेशन चालू असताना पहिल्यांदा भेटायला जाणं म्हणजे उशीर. आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, सदस्य त्यांच्या गावी असतात तेव्हा भेटा. भेट सदस्याचा लेजिस्लेटिव्ह असिस्टंट (कार्यालयातला मदतनीस) ठरवून देतो. ईमेलच्या विषयातच 'मतदारसंघातील रहिवासी' आणि गावाचं नाव लिहा.

पंधरा मिनिटं मिळतील असं धरून चला. तीन-चार जणांपेक्षा जास्त नको, आणि त्यातला एक तरी त्याच मतदारसंघातला हवा. कागद एकच, एका बाजूला छापलेला. मागणीही एकच: 'कॉकसमध्ये हे बिल आलं तर आपण होकार द्याल का?' 'आपला पाठिंबा आहे का' असं विचारू नका. त्याला सगळे मान डोलावतात आणि पुढे काही होत नाही. उत्तर नाही आलं तर अडचण कशाची आहे ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्याच दिवशी आभाराचं ईमेल, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आठवड्याच्या आत. प्रत्येक नावापुढे हो, नाही, अनिश्चित आणि कारण अशी एक शीट ठेवा. सहा महिन्यांनी तीच शीट बिलाच्या स्पॉन्सरच्या (बिल मांडणाऱ्याच्या) उपयोगाची ठरते, कारण कुठलं कलम बदललं तर किती मतं सरकतात ते त्यात दिसतं.

कमिटीसमोर बोलायला मिळणं प्रमुखाच्या मर्जीवर असतं आणि बऱ्याचदा दोनच मिनिटं मिळतात. सावकाश बोललं तर त्यात इंग्रजीचे अडीचशे शब्द बसतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा, मनात वाचून अंदाज चुकतो. नाव, गाव, बिल क्रमांक, बाजूने की विरोधात. मग एक रुग्ण, एक कलम, आणि थांबा. लेखी प्रती किती लागतात ते कमिटी क्लार्कला आदल्या दिवशी विचारा.

मसुदा

खटपट्यांनी वाट सांगितली, मी मजकुराबद्दल लिहितो. पास झालेला पण न चालणारा कायदा हा सगळ्यांत वाईट प्रकार. विधिमंडळ म्हणतं 'दिलं की तुम्हाला', आणि पुढची पाच-दहा वर्षं कोणी त्या विषयाकडे बघत नाही.

पहिलं, डॉक्टरचं काम. १९९६ मध्ये कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोना दोन्हीकडे एकाच दिवशी मतदानाने कायदे झाले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात डॉक्टर 'शिफारस' करतो, अ‍ॅरिझोनाच्या कायद्यात डॉक्टरने 'प्रिस्क्रिप्शन' द्यायचं होतं. शेड्यूल एकमधल्या, म्हणजे फेडरल कायद्याने औषध न मानलेल्या, पदार्थाचं प्रिस्क्रिप्शन लिहिलं तर डॉक्टरचं डीईए रजिस्ट्रेशन (नियंत्रित औषधं लिहून द्यायचा फेडरल परवाना) जातं, म्हणून अ‍ॅरिझोनात कोणी लिहिलंच नाही. तिथे चालणारा कायदा व्हायला २०१० उजाडलं. लुइझियानाने तीच गाठ घातली आणि २०१६ मध्ये सोडवली. शिफारस मात्र भाषणस्वातंत्र्यात मोडते, असा निकाल नवव्या सर्किट कोर्टाने २००२ मध्ये कोनंट खटल्यात दिला. तेव्हा बिलात डॉक्टर फक्त 'या रुग्णाला अमुक आजार आहे आणि फायदा होण्याची शक्यता आहे' असं सर्टिफिकेट देतो, एवढंच असावं. कुठे तरी उपकलमात प्रिस्क्रिप्शन घुसलं नाही ना, हे शोधून बघा.

दुसरं, माल येणार कुठून? जॉर्जियाने २०१५ मध्ये रुग्णांना ५ टक्क्यांपर्यंत टीएचसीचं तेल २० औंसांपर्यंत बाळगायची परवानगी दिली. पण राज्यात ते बनवायची किंवा विकायची सोय ठेवली नाही, आणि दुसऱ्या राज्यातून आणणं फेडरल गुन्हा. उत्पादनाचा कायदा २०१९ मध्ये आला, पहिली विक्री एप्रिल २०२३ मध्ये झाली. कार्ड हातात आणि आठ वर्षं औषध नाही. 'आधी फक्त बाळगायची परवानगी घेऊ, पुढचं पुढे बघू' अशी तडजोड कोणी सुचवली तर हे उदाहरण पुढे ठेवा.

तिसरं, तारखा. न्यू जर्सीचा कायदा जानेवारी २०१० चा, पहिलं दुकान डिसेंबर २०१२ मध्ये. डेलावेअर २०११ आणि २०१५. नियम बनवायला खात्याला किती दिवस, पहिला परवाना कधीपर्यंत, पहिलं कार्ड कधीपर्यंत, हे कायद्यातच लिहून घ्या. आणि मुदत चुकली तर काय, तेही लिहा. सगळ्यांत उपयोगी कलम हे: ठरलेल्या दिवसांत खात्याने कार्ड दिलं नाही तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि अर्जाची पावती हेच कार्ड मानलं जाईल. याशिवाय रांगेत असलेल्या रुग्णाला पोलिसांनी पकडलं तर कोर्टात आजाराचा बचाव मांडता यावा, अशी तरतूद पहिल्या दिवसापासून लागू हवी.

चौथं, आजारांची यादी. सिनेट बिल ३ च्या यादीत कॅन्सर, एपिलेप्सी, एमएस, पार्किन्सन्स, क्रोन्स, सिकल सेल, पीटीएसडी हे होतं, पण जुनाट वेदना नव्हती. केंटकीने २०२३ च्या कायद्यात जुनाट वेदना घातली, आणि तिथेही रिपब्लिकन बहुमतच आहे. माझं मत असं की वेदनेवर पहिल्या वर्षी अडून बसू नये, पण यादीत नवे आजार घालायचा अधिकार एखाद्या सल्लागार मंडळाला द्यायला लावा. नाही तर प्रत्येक आजारासाठी पुन्हा दोन्ही सभागृहं.

पाचवं, परवाने. सिनेट बिल ३ मध्ये १० पुरवठादार आणि प्रत्येकाला ८ पर्यंत केंद्रं असा आराखडा होता. परवाने मोजके ठेवले की प्रत्येक परवाना कोट्यवधी डॉलर्सचा होतो, आणि ज्याला मिळत नाही तो कोर्टात जातो. अलाबामाचा कायदा मे २०२१ चा. २०२३ या एका वर्षात तिथल्या आयोगाने परवाने तीनदा जाहीर केले आणि प्रकरण कोर्टात रुतलं. उलट टोक ओक्लाहोमा: २०१८ मध्ये ना आजारांची यादी, ना परवान्यांना मर्यादा, फी फक्त २,५०० डॉलर्स. हजारो शेतं उभी राहिली आणि ऑगस्ट २०२२ पासून नवे परवाने थांबवावे लागले. विरोधक ओक्लाहोमाचंच नाव घेतील, म्हणून तुमच्या कागदावर 'हे बिल ओक्लाहोमापेक्षा वेगळं कसं' यावर दोन ओळी असू द्या. गुणांकन कसं होणार ते आधी जाहीर असावं, आणि एका अर्जदाराच्या अपिलामुळे बाकीच्यांचे परवाने अडणार नाहीत अशी ओळ असावी.

सहावं, कर. साउथ कॅरोलायनाचं बिल फेब्रुवारी २०२२ मध्ये सिनेटमध्ये पास झालं आणि मे महिन्यात हाउसमध्ये एका हरकतीवर बाद झालं: बिलात विक्रीकर आहे, आणि तिथल्या घटनेप्रमाणे महसुलाचं बिल हाउसमधूनच सुरू व्हावं लागतं. वर्षानुवर्षांचं काम एका कलमावर गेलं. नॉर्थ कॅरोलायनात अडचण वेगळी आहे: कर लावणाऱ्या बिलाची तीन वाचनं तीन वेगळ्या दिवशी आणि नावनिशीवार मतदान लागतं. अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत ते बसत नाही. स्पॉन्सरला हे माहीत असतंच, पण घाईत सुचवलेल्या दुरुस्त्यांमधून कर आत शिरतो.

धूम्रपानाचा मुद्दा तडजोडीत जाईल असं धरा. केंटकीने ओढायला बंदी घातली, पण व्हेपोरायझरसाठी (न जाळता वाफ करणारं यंत्र) गांजाचं फूल चालतं. मिनेसोटात २०१४ च्या कायद्यात फूलच नव्हतं, ते २०२२ मध्ये आलं. फूल पूर्ण वगळलं की फक्त तेल आणि गोळ्या उरतात. अर्क काढण्याचा खर्च त्यात येतो आणि इन्शुरन्स एक डॉलरही देत नाही. केंटकीसारखी मधली वाट मागा.

लॅबरॅट

वरच्या यादीत तपासणी राहिली आणि रुग्णांसाठी ती फार महत्त्वाची आहे. केमो चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती खाली असते. फुलावर अ‍ॅस्परजिलस बुरशी असेल तर फुप्फुसाचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. 'मालाची तपासणी होईल' एवढं वाक्य पुरत नाही. नमुना उत्पादकाने पाठवायचा नाही, लॅबच्या माणसाने बॅचमधून स्वतः उचलायचा. उत्पादकाने निवडून पाठवलेल्या नमुन्यात सगळ्यांत चांगली फुलं असतात. बॅचला वजनाची मर्यादा हवी. कॅलिफोर्नियात ती फुलासाठी ५० पौंड आहे. लॅब आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणित आणि उत्पादकाशी पैशाचा संबंध नसलेली. तपासायचं काय: टीएचसी आणि सीबीडीचं (गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं) प्रमाण, कीटकनाशकं, शिसं-कॅडमियम-आर्सेनिक-पारा, बुरशी-जिवाणू, अर्कातले उरलेले सॉल्व्हेंट आणि फुलातली (बुरशीला मिळणारा ओलावा मोजणारी) वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी. ती ०.६५ च्या वर असेल तर बरणीत बुरशी वाढते.

शिवाय राज्याने मधून मधून दुकानातून माल उचलून दुसऱ्या लॅबमध्ये तपासावा. तसं नसेल तर उत्पादक सगळ्यांत जास्त टीएचसी दाखवणाऱ्या लॅबकडे जातात आणि लेबलवरचा आकडा फुगतो. एका गोळीत किती मिलिग्रॅम हे लेबलवर हवं, टक्केवारी नको. रुग्णाला मात्रा मिलिग्रॅममध्येच मोजता येते.

औषधवाला

तुम्ही काय बोलता यापेक्षा काय बोलत नाही याने विश्वास टिकतो. आमदारांच्या मदतीला डॉक्टर असतात आणि एक दावा खोटा निघाला की बाकीचं ऐकलं जात नाही.

भक्कम जमीन ही: नॅशनल अकॅडमीज या अमेरिकी विज्ञान संस्थेच्या जानेवारी २०१७ च्या अहवालात तीन बाबतींत ठोस किंवा भरीव पुरावा मानला आहे. प्रौढांमधली जुनाट वेदना, केमोमुळे होणारी मळमळ-उलटी, आणि एमएसमधला स्नायूंचा ताठरपणा, तोही रुग्णांनी स्वतः नोंदवलेला. आकडीसाठी पुढे एपिडायोलेक्स हे शुद्ध सीबीडीचं औषध जून २०१८ मध्ये एफडीएने (औषधं मंजूर करणारं फेडरल खातं) मंजूर केलं, ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम या गंभीर आकडीच्या आजारांसाठी. ड्रोनाबिनॉल म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी तर १९८५ पासून मंजूर आहे. मग विरोधक विचारतील, 'गोळी आहे की, झाड कशाला?' उत्तर तयार ठेवा: सतत उलटी होणाऱ्या माणसाच्या पोटात गोळी टिकत नाही. आणि गिळलेल्या मात्रेचा असर यायला अर्धा तास ते दोन तास लागतात, वाफेचा काही मिनिटांत येतो.

आता टाळायचं काय. 'गांजाने कॅन्सर बरा होतो' हे वाक्य गटातल्या कोणाच्याही तोंडी येता कामा नये. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून माणसाबद्दल तसं म्हणता येत नाही. काचबिंदू यादीत हवा असा हट्ट धरू नका; डोळ्यातला दाब उतरतो, पण तीन-चार तासच, आणि नेत्रतज्ज्ञांची संघटना त्याची शिफारस करत नाही. सगळ्यांत जास्त वापरला जाणारा मुद्दा म्हणजे ओपिऑइडचा (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचा): कायदा झालेल्या राज्यांत ओपिऑइडने मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी, असं २०१४ च्या एका अभ्यासात आलं होतं. त्यात १९९९ ते २०१० ची आकडेवारी होती. २०१९ मध्ये तीच पद्धत २०१७ पर्यंतच्या आकडेवारीला लावली तेव्हा संबंध उलटा निघाला. हा मुद्दा कागदावरून काढून टाका. समोरच्याने दुसरा अभ्यास काढला तर तुमच्याकडे उत्तर नाही.

धोके स्वतःहून सांगा: घरात सायकोसिसचा (भ्रम-भास होणाऱ्या मानसिक आजाराचा) इतिहास, गरोदरपण, पंचविशीच्या आतलं वय. सीबीडीमुळे क्लोबाझाम या आकडीच्या औषधापासून शरीरात बनणाऱ्या क्रियाशील घटकाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या आकडीच्या औषधाबरोबर लिव्हर एन्झाइम्स चढतात, वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) वर जाऊ शकतो. म्हणून डिस्पेन्सरीत (गांजाच्या परवानाधारक दुकानात) फार्मासिस्टचा सल्ला उपलब्ध असावा ही मागणी तुम्हीच करा. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध थोडा तरी मवाळ होतो.

सीमापार

पारिजातक, तुमच्या चौथ्या प्रश्नाचं, म्हणजे सिटिझन नसलेल्यांनी कितपत पुढे यावं याचं, उत्तर गटातल्या प्रत्येकाला वाचायला द्या.

बोलणं आणि वापरणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. आमदाराला पत्र लिहिणं, भेटणं, कमिटीत बोलणं यासाठी सिटिझन असावं लागत नाही. पण मारिजुआना फेडरल कायद्यात नियंत्रित पदार्थ आहे आणि इमिग्रेशन फेडरल कायद्याने चालतं. शिक्षा झालेली नसली तरी 'मी वापरला' किंवा 'माझ्याजवळ होता' अशी कबुली प्रवेश नाकारायला पुरू शकते. ३० ग्रॅमपर्यंत स्वतःच्या वापरासाठी बाळगल्याच्या एका गुन्ह्याला हद्दपारीत सूट आहे, पण प्रवेश नाकारण्याच्या कलमात ती सूट आपोआप लागू होत नाही. म्हणून ग्रीन कार्डवाला भारतात जाऊन परत येताना विमानतळावर अडकू शकतो. यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं: राज्यात कायदेशीर असलं तरी वापर किंवा या धंद्यातली नोकरी नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकते.

मग करायचं काय? सिटिझन नसलेल्याने साक्ष देताना, पत्रात, व्हॉट्सअ‍ॅपवर, कुठेही स्वतःच्या वापराबद्दल एक अक्षर लिहू नये. कमिटीतली साक्ष रेकॉर्ड होते. आईवडील म्हणून, नर्स म्हणून, डॉक्टर म्हणून बोला. 'कायदा झाला तर माझ्या मुलाच्या डॉक्टरांना हा पर्याय मिळेल' अशी भाषा वापरा. स्वतःच्या उपचाराबद्दल बोलायचं काम सिटिझन रुग्णांकडे द्या. फोनमधले दुकानाचे फोटोही नकोत, विमानतळावर फोन तपासला जाऊ शकतो. आणि कायदा झाल्यावरसुद्धा सिटिझन नसलेल्याने इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय कार्ड काढू नये.

काही जण म्हणतील, फेडरल सरकार राज्यांच्या मेडिकल कायद्यात पडत नाही. डिसेंबर २०१४ पासून बजेटमध्ये तशी तरतूद आहे, पण ती न्याय खात्याच्या पैशांवर आहे. यूएससीआयएस आणि विमानतळावरचे अधिकारी होमलँड सिक्युरिटीचे, त्यांना ती लागू नाही. मारिजुआना शेड्यूल तीनमध्ये गेला तरी तो नियंत्रित पदार्थच राहतो, आणि इमिग्रेशनचं कलम सगळ्याच शेड्यूलना लागू आहे.

पैशाचं: ग्रीन कार्डधारकाला उमेदवाराला देणगी देता येते, एच-१बी किंवा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला देता येत नाही, राज्याच्या निवडणुकीतही नाही. आमदाराच्या निधी संकलनाच्या जेवणाचं तिकीट हीसुद्धा देणगीच.

पारिजातक

मनापासून आभार. सीमापार यांचा प्रतिसाद गटात पाठवला आहे. दोन गोष्टी राहिल्या: मंडळाचं नाव वापरायचं का, आणि 'आमच्या शेरीफांचा (काउंटीच्या पोलिसप्रमुखांचा) विरोध आहे' असं सदस्य म्हणाले तर काय?

एक मैत्रीण नेब्रास्कात आहे, तिथे तर मतदानाने झालं म्हणे. त्याबद्दलही कोणी लिहिलं तर बरं.

मसुदा

नेब्रास्काचं थोडक्यात. २०२० मध्ये सह्या पुरल्या होत्या, तरी तिथल्या सुप्रीम कोर्टाने प्रस्ताव मतपत्रिकेवरून काढला, कारण एका प्रस्तावात एकाहून जास्त विषय होते. २०२२ मध्ये सह्याच पुरल्या नाहीत. तिथे नोंदणीकृत मतदारांच्या ७ टक्के सह्या आणि शिवाय ९३ पैकी ३८ काउंटींत प्रत्येकी ५ टक्के लागतात. २०२४ मध्ये रुग्णांचं संरक्षण एका प्रस्तावात, उत्पादन-विक्री दुसऱ्यात, असे दोन केले आणि दोन्ही पास झाले. मिसिसिपीत २०२० मध्ये लोकांनी कौल दिला आणि मे २०२१ मध्ये कोर्टाने तो रद्द केला, कारण घटनेत पाच काँग्रेस मतदारसंघांतून सह्या घ्यायला सांगितलं होतं आणि राज्यात मतदारसंघ चारच उरले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेवटी विधिमंडळाने कायदा केला. मतदानाची सोय असलेल्या राज्यात पहिला खर्च वकिलावर करायचा, सह्यांच्या क्लिपबोर्डवर नंतर.

खटपट्या

मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था, असेल तर लॉबिंग (बिलासाठी आमदारांकडे प्रयत्न) करता येतं, मर्यादेत. उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध मात्र अजिबात नाही. फॉर्म ५७६८ भरून ५०१(एच)चा पर्याय घेतला की मर्यादा आकड्यात कळते: पहिल्या पाच लाख डॉलर्सच्या खर्चापर्यंत २० टक्के. मंडळाचा वर्षाचा खर्च ५०,००० डॉलर्स असेल तर लॉबिंगवर १०,०००, आणि त्यातले जनतेला 'तुमच्या आमदाराला फोन करा' असं सांगण्यावर जास्तीत जास्त २,५००. स्वयंसेवकांचा वेळ यात धरत नाहीत. तरी माझा सल्ला असा की मंडळाचं नाव वापरू नका. मंडळात या विषयावर एकमत नसणार आणि कार्यकारिणीचा वेळ त्या वादात जाईल. गटाला स्वतंत्र, साधं इंग्रजी नाव द्या. स्वतःच्या मतासाठी फुकट बोलणाऱ्याला लॉबिस्ट म्हणून नोंदणी लागत नाही. कुणाला मानधन द्यायचं ठरलं तर आधी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाला विचारा.

शेरीफांचं: त्यांच्याकडून पाठिंबा मागू नका, तटस्थ राहा एवढंच मागा. त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. रस्त्यावर गाडी थांबवल्यावर खरं कार्ड कसं ओळखायचं? तर रात्रंदिवस तपासता येईल अशी राज्याची यादी, आणि माल डिस्पेन्सरीच्या मूळ लेबल लावलेल्या डब्यातच हवा. माल बाहेर फुटेल? बी पेरल्यापासून विक्रीपर्यंत प्रत्येक रोपाला टॅग. नशेत गाडी चालवतील? बिलात 'नशेत गाडी चालवायला कार्ड हा बचाव नाही' हे स्पष्ट लिहा आणि परवाना शुल्कातून पोलिसांच्या प्रशिक्षणाला पैसे ठेवा. पण रक्तात टीएचसीचे अमुक नॅनोग्रॅम म्हणजे गुन्हा, अशी ओळ कोणी घातली तर विरोध करा. टीएचसी चरबीत साठतो आणि रोज घेणाऱ्याच्या रक्तात नशा उतरल्यावरही सापडतो. त्या ओळीने एमएसचा रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जातानाही गुन्हेगार ठरेल.

शेरीफ निवडून येतो. त्याच्याकडे जाताना त्याच काउंटीतला माजी सैनिक आणि हॉस्पिसची नर्स बरोबर असू दे. भेट झाल्यावर 'शेरीफसाहेबांचे हे तीन आक्षेप आणि बिलातली ही तीन कलमं' असा अर्धा पानाचा कागद हाउस सदस्याच्या लेजिस्लेटिव्ह असिस्टंटला पाठवा, आणि त्याची प्रत शेरीफांनाही.